ओळखीचा आवाज, अनोळखी गाणे

एखाद्या आवडत्या गवयाच्या मैफलीची आपण तीन वर्षे वाट पाहावी, धडपड करून पुढची जागा मिळवावी, आणि त्याने मात्र आपल्याला पाठ असलेली एकही चीज न गाता, नेहमीच्या साथीदारांनाही बाजूस बसवून, भलतेच काही आरंभावे, असा अनुभव काही वाचकांनी तरी घेतला असेल. अशा मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या पेल्याभोवती जी मंडळी जमतात त्यांची तोंडे पाहण्यासारखी असतात. कोणी म्हणतो, बुवांनी आपली फसवणूक केली. कोणी म्हणतो, आजच बुवा खरे गायले. तिसरा काहीच बोलत नाही, कारण आपल्याला काही कळले नाही हे चारचौघांत कबूल करण्याचे धैर्य त्याच्यापाशी नसते. कुमार गंधर्वांच्या गायकीवरून आपल्याकडे एके काळी जो वाद माजला त्याच्या आठवणी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांस हे चित्र नवे वाटणार नाही.

असाच एक वाद २००० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पाश्चात्त्य रॉक संगीताच्या श्रोत्यांत उसळला. त्यास कारण झाली ती ‘रेडिओहेड’ ह्या इंग्रज वाद्यवृंदाची ‘किड ए’ नावाची ध्वनिमुद्रिका. इंग्लंडात ती २ ऑक्टोबरला आणि अमेरिकेत दुसऱ्या दिवशी विक्रीस आली. दहा गाणी आणि पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ, एवढाच तिचा विस्तार. परंतु तिच्यावर जितके लिहिले आणि बोलले गेले तितके त्या काळातील फारच थोड्या ध्वनिमुद्रिकांच्या वाट्याला आले असेल. वादाचे मूळ समजण्यासाठी ती येण्यापूर्वी श्रोत्यांचे आणि ह्या पाच जणांचे नाते काय होते हे आधी पाहावे लागते.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातील शाळेत हे पाच जण एकत्र आले. टॉम यॉर्क हे गायक व मुख्य गीतकार, एड ओब्रायन गिटारवादक, फिल सेल्वे ढोलवादक, कॉलिन ग्रीनवुड बेस गिटार वाजविणारे, आणि त्यांचे धाकटे बंधू जॉनी ग्रीनवुड, ज्यांच्या हाती कोणतेही वाद्य दिले तरी त्यातून काही निराळे काढल्याशिवाय ते राहत नाहीत. शाळेत तालमीला शुक्रवारचा दिवस मिळे म्हणून त्यांनी वृंदाचे नावच ‘ऑन अ फ्रायडे’ असे ठेवले होते. १९९१ मध्ये एका मोठ्या कंपनीशी करार झाला, नाव बदलले, आणि १९९२ साली ‘क्रीप’ हे गाणे आले. ते जगभर गाजले. इतके की पुढे गाणाऱ्यांसच त्याचा कंटाळा आला. हा कंटाळा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे बीज त्यात आहे. १९९५ मध्ये ‘द बेंड्स’ आणि १९९७ मध्ये ‘ओके कॉम्प्युटर’ ह्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. ह्या दुसरीने तर त्यांस कीर्तीच्या शिखरावर नेऊन बसविले. यंत्रांनी वेढलेल्या, घाईत सापडलेल्या, भोवतालच्या गर्दीत एकट्या पडलेल्या माणसाची व्यथा तिच्यात होती. ती व्यथा तीन गिटारींच्या लाटांवर आणि यॉर्क ह्यांच्या उंच, कापऱ्या आवाजावर तरंगत येई. अनेक तरुणांस ती ध्वनिमुद्रिका म्हणजे केवळ करमणूक नव्हती. परक्या शहरात शिकावयास गेलेल्या मुलास, पहिल्या नोकरीत रुळू न शकणाऱ्या मुलीस ती सोबतीण वाटे. अशा श्रोत्यांनी तीन वर्षे पुढच्या गाण्यांची वाट पाहिली होती.

इकडे गाणाऱ्यांची स्थिती मात्र निराळीच होती. ‘ओके कॉम्प्युटर’नंतरच्या प्रदीर्घ दौऱ्याने यॉर्क पार खचून गेले. १९९७ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅम येथील कार्यक्रम आटोपल्यावर ते पडद्यामागे येऊन बसले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मुलाखती, छायाचित्रे, तीच ती प्रशस्ती, ह्या साऱ्याचा त्यांस वीट आला होता. त्याहून वाईट असे की, आपल्यासारखेच गाणारे दुसरे वृंद आता गल्लोगल्ली निघाले आहेत, आपला आवाज हा आता आपला राहिलेला नाही, असे त्यांस वाटू लागले. गिटार हातात घेऊन गाणे लिहावयास बसले की ते अर्ध्यावरच अडे. ह्या काळात ते कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी राहिले, कड्याकड्यांनी हिंडले आणि नव्याने घेतलेल्या पियानोवर चाचपडू लागले. ऐकत मात्र होते ते एफेक्स ट्विन, ऑटेकर असल्या मंडळींचे केवळ विद्युत्‌यंत्रांतून निघणारे संगीत. त्यात गळा नाही, कथा नाही, म्हणून त्यांस तेथे विसावा मिळे.

१९९९ च्या जानेवारीत पॅरिस येथे नव्या ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. नंतर कोपनहेगन, नंतर ग्लॉस्टरशायरमधील एक जुना वाडा, आणि शेवटी ऑक्सफर्डशायरमध्ये त्यांनी स्वतःच उभारलेली ध्वनिशाळा, असा तो फिरत राहिला. ओब्रायन ह्यांची अपेक्षा साधी होती. आटोपशीर, सुरेल, गिटारवर बांधलेली तीन-तीन मिनिटांची गाणी करावीत, असे त्यांस वाटत होते. यॉर्क ह्यांनी ते साफ नाकारले. ते येत ते हातात एखादा तुकडा घेऊन. कधी नुसता यंत्राचा ठेका, कधी चार स्वरांची पुनरावृत्ती. त्यात सेल्वे ह्यांच्या ढोलास काम नसे आणि ओब्रायन ह्यांच्या गिटारीस तर नसेच. दहा-बारा वर्षे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वाजविलेल्या मित्रांपैकी एकाने येऊन सांगावे की ह्या गाण्यात तुला काही करावयाचे नाही, ही गोष्ट पचविणे सोपे नव्हे. आपली कलावंत म्हणून गरज उरली आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा राहत होता. प्रसिद्ध करण्यायोग्य असे काही हाती लागले नाही तर वृंद मोडावयाचा, इथपर्यंत त्यांचे बोलणे झाले होते. श्रोत्यांनी पुढे जो वाद घातला तो प्रथम ह्या पाच जणांतच झडून गेला होता, हे त्या वेळी फारसे कोणास ठाऊक नव्हते.

ह्या पेचातून वाट काढण्यासाठी त्यांचे ध्वनिमुद्रणप्रमुख नायजेल गॉड्रिच ह्यांनी एक युक्ती सुचविली. पाच जणांचे दोन गट करावयाचे. एका गटाने एका खोलीत एखादा नाद किंवा स्वरावली निर्माण करावयाची. मात्र गिटार, ढोल अशा नेहमीच्या वाद्यांस हात लावावयाचा नाही. दुसऱ्या गटाने तो नाद घेऊन त्यापासून पुढे काही घडवावयाचे. ह्या खेळातून एकही गाणे पुरे झाले नाही. परंतु ज्या यंत्रांविषयी मनात अढी होती ती हाताळण्याजोगी आहेत, त्यांतूनही आपले काही म्हणता येते, असा विश्वास त्यातून आला. गॉड्रिच हे स्वतःही आरंभी यॉर्क ह्यांच्या मार्गाविषयी साशंक होते, हे विशेष.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळू. पहिल्या गाण्यात गिटार नाहीच. विजेवर चालणाऱ्या सिंथेसायझरचे मऊ, काहीसे थंड स्वर येतात, आणि त्यांच्या खालून यॉर्क ह्यांचाच आवाज तुकड्यातुकड्यांनी, कापून उलटसुलट जोडलेला असा ऐकू येतो. ह्या गाण्याचे आवर्तन दहा मात्रांचे आहे. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याचा कान चारांच्या हिशेबाला बसलेला; त्यास येथे पायाखालची पायरी हुकल्यासारखे होते. झपताल ऐकत वाढलेल्या आपल्या श्रोत्यास दहा मात्रांत बिचकण्यासारखे काही वाटणार नाही, मात्र विभाग निराळे पडतात एवढेच. दुसऱ्या गाण्यात, ज्याचे नाव साऱ्या ध्वनिमुद्रिकेला मिळाले, तेथे तर आवाज यंत्रातून असा गाळून काढला आहे की शब्दच उमगत नाहीत. आणि शब्द उमगावेत म्हणून श्रोत्याने आतील पुस्तिका उघडावी तर तिच्यात गीते छापलेलीच नाहीत! यॉर्क ह्यांनी काही ओळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून, त्या टोपीत टाकून, हाताला येतील तशा काढून जोडल्या होत्या. दादापंथी कवी त्रिस्तान त्झारा ह्यांनी पूर्वी असाच मार्ग सांगितला होता.

तथापि यंत्रे म्हणजे निर्जीवपणा, असा समज करून घेणे चूक ठरेल. जॉनी ग्रीनवुड ह्यांनी येथे ‘ओंद मार्तनो’ नावाच्या वाद्याचा उपयोग केला आहे. मॉरिस मार्तनो ह्या फ्रेंच गृहस्थांनी १९२८ साली ते लोकांपुढे आणले. पेटीसारख्या पट्ट्या त्यास असतात. पण पट्ट्यांच्या पुढे एक तार ताणलेली असते, आणि बोटात घातलेली अंगठी त्या तारेवरून सरकविली की स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागी न तुटता घसरत जातो. डाव्या हाताने नाद लहानमोठा करावयाचा. म्हणजे पट्टीच्या वाद्यांत जी मींड घेता येत नाही ती येथे विजेच्या साह्याने घेता येते. मेसियां ह्या फ्रेंच संगीतकाराच्या रचनेत ग्रीनवुड ह्यांनी किशोरवयात हे वाद्य ऐकले आणि त्याचा ध्यास घेतला. ‘हाउ टु डिसअपिअर कंप्लीटली’ ह्या गाण्यात त्याचे विव्हळणे एका तंतुवाद्यवृंदाच्या सुरांत मिसळते. तो वृंद ऑक्सफर्डशायरमधील डॉर्चेस्टर येथील बाराव्या शतकातील मठाच्या प्रार्थनामंदिरात बसवून मुद्रित केला गेला. ग्रीनवुड ह्यांनी लिहिलेली स्वरलिपी समोर आली तेव्हा, हे वाजविणे अशक्यच, म्हणून वादकांस हसू फुटले, असे गॉड्रिच सांगतात. मग त्या वादकांनीच वाट काढली. हे गाणे ऐकताना ज्याचा गळा दाटून येत नाही त्याने मग यंत्रांस दोष देऊ नये, असे मला वाटते.

‘इडिओटेक’ ह्या गाण्याची कथा तर एखाद्या लघुकथेस विषय व्हावी अशी आहे. १९७३ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात पॉल लान्स्की नावाच्या तरुण रचनाकाराने एका अवाढव्य संगणकाकडून अठरा मिनिटांची एक रचना करवून घेतली होती. विद्वानांच्या लहानशा वर्तुळाबाहेर ती कोणी ऐकली नव्हती. जुन्या तबकडीवर ती जॉनी ग्रीनवुड ह्यांच्या हाती लागली. त्यांनी यंत्रांचे नाद, आकाशवाणीची खरखर असे बरेच काही मिळून जवळजवळ पन्नास मिनिटांचे मुद्रण केले व ते यॉर्क ह्यांच्या स्वाधीन केले. त्या पसाऱ्यातील मिनिटाहूनही कमी लांबीचा एक भाग यॉर्क ह्यांनी उचलला, आणि त्यात लान्स्की ह्यांचे चार स्वरमेळ होते. ग्रीनवुड ह्यांनी रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली, ती मिळाली, आणि प्रयोगशाळेत जन्मलेले ते स्वरमेळ सत्तावीस वर्षांनी तरुणांच्या नाचण्यात आले.

‘द नॅशनल अँथम’मध्ये आठ जणांचा पितळी वाद्यांचा ताफा आहे. रहदारी तुंबल्यावर गाड्यांचे भोंगे जसे वाजतात तसे वाजवा, अशी त्यांस सूचना होती. हात उडवून त्यांचे संचालन करता करता यॉर्क ह्यांनी इतक्या उड्या मारल्या की पायाचे हाड मोडून घेतले. नव्या संगीताचा हा एवढाच अपघात नोंदलेला आहे!

ध्वनिमुद्रिका बाजारात आणण्याची रीतही चाकोरीबाहेरची होती. आगाऊ एकही सुटे गाणे विक्रीस काढावयाचे नाही, गाण्यांचे नेहमीचे चित्रपट करावयाचे नाहीत, असे ठरले. काही सेकंदांची चमत्कारिक चलच्चित्रे तेवढी दाखविली गेली. युरोपात त्यांनी जाहिरातींचा एकही फलक नसलेल्या एका मोठ्या तंबूत कार्यक्रम केले आणि तेथे अप्रकाशित गाणी सरळ गाऊन टाकली. १९९९ साली निघालेल्या ‘नॅप्स्टर’ ह्या व्यवस्थेमुळे संगणकावरून गाणी एकमेकांस फुकट देण्याची तेव्हा नुकतीच सोय झाली होती. कॉलिन ग्रीनवुड ह्यांनी सांगितलेली हकीकत अशी की, बार्सिलोना येथील कार्यक्रम दुसऱ्या दिवशीच तेथे उपलब्ध झाला, आणि तीन आठवड्यांनी ते इस्राएलमध्ये गेले तेव्हा अजून न निघालेल्या गाण्यांचे शब्द श्रोत्यांस पाठ होते. पुढे संपूर्ण ध्वनिमुद्रिकाच प्रकाशनापूर्वी तीन आठवडे ह्या मार्गाने बाहेर फुटली. कंपन्यांनी कपाळास हात लावला. पण झाले उलटेच. ‘ओके कॉम्प्युटर’ अमेरिकेच्या विक्रीयादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचली होती. ‘किड ए’ पहिल्याच आठवड्यात दोन लाखांवर खपून पहिल्या क्रमांकावर गेली.

म्हणजे घेतली सर्वांनीच. वाद सुरू झाला तो घरी नेऊन ऐकल्यानंतर.

नाराज श्रोत्यांचे म्हणणे थोडक्यात उडवून लावण्यासारखे नव्हते. ज्या वृंदात तीन-तीन गिटारवादक आहेत त्याने गिटार खुंटीला टांगावी, आणि ज्याच्या आवाजासाठी आम्ही जीव टाकतो त्याने तो आवाज यंत्रात दळून काढावा, हा आमच्या प्रेमाचा अव्हेर नव्हे काय, असे ते विचारीत. त्यांस ‘ऑप्टिमिस्टिक’ हे एक गाणे, ज्यात गिटार आणि ढोल ओळखीच्या रीतीने वाजतात, बुडत्यास काडी मिळावी तसे मिळाले. अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनीही तेच अधिक वाजविले. दुसरा आक्षेप जाणकारांचा होता आणि तो अधिक बोचरा होता. विद्युत्‌संगीत ज्यांनी आधीपासून ऐकले होते ते म्हणत, ह्यात नवे काय आहे? एफेक्स ट्विन आणि ऑटेकर ह्यांनी हे सारे कितीतरी आधी, आणि अधिक निर्भयपणे केले आहे. कीर्तिमान मंडळींनी अपरिचितांच्या वाटेवरून चार पावले टाकली की त्यांस शोधक म्हणावयाचे, आणि वाट पाडणाऱ्यांस कोणी ओळखू नये, हा कोणता न्याय? ह्या आक्षेपास समर्थकांपाशी पुरते उत्तर नव्हते, आणि माझ्या मते आजही नाही. एवढेच म्हणता येते की यॉर्क ह्यांनी ही ऋणे कधी लपविली नाहीत, आणि पुष्कळ श्रोते त्यांच्यामुळेच त्या मूळ कलावंतांकडे वळले.

समर्थकांची बाजू अशी: ‘ओके कॉम्प्युटर’ची दुसरी आवृत्ती काढणे त्यांस सहज शक्य होते, आणि तीच खरी फसवणूक ठरली असती. तशी गाणी हवी असणाऱ्यांस ती देणारे वृंद आता मुबलक होते. त्याच वर्षीच्या जुलैत ‘कोल्डप्ले’ची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली होती. कलावंताने आपणांस पूर्वी आनंद दिला म्हणून तो जन्माचा आपला देणेकरी होत नाही, असे हे लोक बजावीत. त्यांच्यात काही जण निव्वळ मागे पडण्याच्या भीतीने माना डोलावणारे होते, हेही खरे. कोणत्या नव्या कलाकृतीभोवती असे लोक जमत नाहीत? पण बरेचसे श्रोते ह्या दोन्ही छावण्यांच्या मधल्या जागेत होते. पहिल्यांदा ऐकून त्यांनी ती बाजूस ठेविली, आठवड्याने पुन्हा लावली, रात्री दिवा मालवून ऐकली, आणि एखाद्या ठिकाणी, बहुधा त्या प्रार्थनामंदिरातील तंतुवाद्यांपाशी, त्यांचा विरोध गळून पडला.

टीकाकारांतही हीच फाटाफूट झाली. इंग्लंडातील ‘मेलडी मेकर’ ह्या जुन्या संगीतपत्रात मार्क बोमाँट ह्यांनी तीस पाचपैकी दीड तारा दिला व तिची आत्मतुष्ट बडेजाव म्हणून कडक शब्दांत संभावना केली. शिकागोच्या ‘पिचफोर्क’ने दहापैकी पूर्ण दहा गुण दिले; ब्रेंट डिक्रेसेंझो ह्यांच्या त्या परीक्षणातील भाषा इतकी अलंकारांनी लवलेली होती की पुढे कित्येक वर्षे तिची थट्टा होत राहिली. परंतु ह्या सर्वांत माझ्या दृष्टीने सर्वांत विचार करावयास लावणारा लेख निक हॉर्नबी ह्या इंग्रज कादंबरीकाराचा होता. तो ‘द न्यू यॉर्कर’ ह्या अमेरिकी साप्ताहिकात त्याच महिन्यात आला.

हॉर्नबी हे ‘द बेंड्स’चे चाहते. त्यांची तक्रार गिटारविषयी नव्हतीच म्हटले तरी चालेल. त्यांचे म्हणणे असे की, ही ध्वनिमुद्रिका श्रोत्याकडून फार वेळ मागते. रात्रीमागून रात्री घरी बसून, तिच्या काळोख्या वातावरणात स्वतःस सोडून देऊन ती उलगडावी लागते. सोळा वर्षांच्या मुलास हे परवडते. पण जो दिवसभर नोकरी करून थकून येतो, ज्याला लेकरेबाळे आहेत, त्याने हा धीर कोठून आणावयाचा? पगार मिळू लागला की धीर आणि भक्ती दोन्ही दुर्मिळ होतात, असा त्यांच्या लेखाचा आशय होता.

ह्या लेखाबद्दल हॉर्नबी ह्यांस पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. आळशी श्रोता, मध्यमवयीन संसारी मनुष्य, अशी त्यांची टिंगल झाली. मला मात्र त्यांचा प्रश्न प्रामाणिक वाटतो. ज्या घरात संध्याकाळी कुकरची शिट्टी, मुलांचे पाढे आणि दाराची घंटा एकाच वेळी वाजतात, त्या घरातील माणसाने पन्नास मिनिटे एकाग्र व्हावे असे म्हणणाऱ्याने आधी ती पन्नास मिनिटे कोठून काढावयाची हेही सांगावे. गाण्याने आपल्याकडे चालत यावे, आपल्याला त्याच्याकडे जावे लागू नये, ही अपेक्षा थकलेल्या माणसाने केली तर ती क्षुद्र नव्हे. परंतु हॉर्नबी ह्यांची चूक एका ठिकाणी झाली असे वाटते. धीर हा फावल्या वेळेवरच अवलंबून असतो, असे त्यांनी गृहीत धरले. आपल्याकडे दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री उशिरापर्यंत बैठकीत बसणारी, एकेका रागाचा विलंबित ख्याल तासभर ऐकणारी पिढी होऊन गेली. तिच्यापाशी वेळ अधिक होता असे नव्हे. ऐकण्याचे काम कशासाठी करावयाचे हे तिने ठरवून टाकले होते. आणि एक गोष्ट अनुभवाची सांगतो. ह्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ट्रीफिंगर्स’ हा गिटारच्या नादांपासून बनविलेला, ना ठेका ना शब्द असा भाग मला एकाग्र होऊन ऐकताना कधीच आवडला नाही. स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तो चालू राहिला तेव्हा मात्र घर एकदम शांत झाल्यासारखे वाटले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. ‘किड ए’ला २००१ साली पर्यायी संगीताच्या विभागातील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच मुद्रणांतून उरलेली गाणी जून २००१ मध्ये ‘अ‍ॅम्नेझिअ‍ॅक’ ह्या नावाने निघाली, आणि जुन्या चाहत्यांनी पुन्हा एकदा गिटारीची आशा धरली व पुन्हा अर्धीच पुरी झाली. २००३ मधील ‘हेल टु द थीफ’मध्ये गिटार परतली. २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ची किंमत श्रोत्यांनीच ठरवावी असे वृंदाने जाहीर केले, तेव्हा वादाचा विषय काही काळ गाण्यावरून पैशावर गेला. २०११ मधील ‘द किंग ऑफ लिंब्स’वरून चाहत्यांत पुन्हा तीच दोन तट पडण्याची गोष्ट घडली. एव्हाना वाद घालणाऱ्यांच्या डोक्यावर पांढरे केस दिसू लागले होते.

ह्या भटकंतीतील एक मुक्काम आपल्या देशातही पडला. २०१५ मध्ये जॉनी ग्रीनवुड हे इस्राएली रचनाकार शाय बेन त्झूर ह्यांच्यासह जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राहिले. ‘राजस्थान एक्स्प्रेस’ नावाने एकत्र आलेले कव्वाल, लोकवादक आणि पितळी वाद्ये वाजविणारे बँडवाले त्यांच्या सोबत होते. त्यातून ‘जुनून’ हा संग्रह आणि पॉल थॉमस अँडरसन ह्यांचा त्याच नावाचा माहितीपट झाला. ध्वनिमुद्रण करणारे तेथेही नायजेल गॉड्रिचच होते. त्या माहितीपटात ग्रीनवुड पुढे येत नाहीत. सगळे वादक किल्ल्याच्या दालनात गोलाकार बसलेले, आणि त्यांच्यातच एका बाजूस मान खाली घालून वाजविणारे ते दिसतात. पन्नास मिनिटांच्या पसाऱ्यातून मिनिटभराचा ऐवज शोधणारा हा माणूस मांगणियारांच्या मेळाव्यात इतक्या सहजपणे मागे बसू शकला, ह्याचे मला नवल वाटले नाही.

२००९ साली दशक संपत आले तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ आणि ‘पिचफोर्क’ ह्या दोघांनीही ‘किड ए’ला त्या दशकातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका ठरविले. वाद निकालात निघाला असे कोणासही वाटावे. परंतु २०१० मध्ये, दहा वर्षे पुरी झाल्याच्या निमित्ताने, दीड तारा देणाऱ्या मार्क बोमाँट ह्यांनी लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये पुन्हा लेखणी उचलली. आपण अल्पमतात आहोत हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ध्वनिमुद्रिका त्यांनी पुन्हा ऐकली होती, आणि ती त्यांस अजूनही आवडली नव्हती.